वरची राख, खालची राख

आमच्या घरात चांदीचा साधा चमचा नव्हता, पण चांदीचं नाव निघालं नाही असा दिवस जायचा नाही. डोंगरातल्या चांदीच्या शिरेला आई सवत म्हणायची. बाबा शाळेतून आले, पिशवी खुंटीला लावून त्यांनी नकाशा पसरला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "बसले सवतीपाशी. आता चहाचं सरबत झालं तरी चालेल यांना." बाबा हसायचे, मीही हसायचे. आई हसत नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

बाबा मूळचे भूवैज्ञानिक. पोटासाठी विज्ञान शिकवायचे. दगड हातात आला की आधी बघायचे, मग नखाने ओरखडायचे आणि मग चारचौघांत सरळ त्याला जीभ लावायचे. "भाजीत मीठ जरा कमी पडलं तर तोंड वाकडं होतं, आणि वाटेवरचा धोंडा गोड लागतो," असं आई म्हणायची. त्या जिभेत विद्या होती हे मात्र खरं. ज्वालामुखीची राख साचून दगड झालेली असते ना, ती कच्ची असली तर ओल शोषून घेते, तिला जीभ चिकटते. तीच राख लाव्हाखाली सापडून भाजली असेल तर कपाच्या काठासारखी होते आणि जीभ घसरते. ही परीक्षा मी बाराखडीच्या आधी शिकले. पुढे बाबांचे डोळे गेले तेव्हा त्यांच्याजवळ अंगठा आणि जीभ एवढंच उरलं.

आता शिरेचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिथे लाव्हाचा एक जाड थर होता. त्याच्या खाली राखेचा एक थर आणि वर राखेचा दुसरा थर. दोन्ही राखा जांभळट, दिसायला अगदी जुळ्या बहिणी. फरक एवढाच की खालच्या राखेवरून उकळता लाव्हा वाहत गेला, म्हणून तिचा माथा भाजला. वरची राख लाव्हा थंड झाल्यावर पडली, म्हणून ती सगळीच कच्ची. पुढे हा लाव्हा तडकला, तड्यांतून खोलवरचं गरम पाणी वर चढलं आणि जाता जाता गारगोटी आणि चांदी मागे ठेवून गेलं. राख मऊ, तिच्यात तडा टिकत नाही, म्हणून शीर लाव्हातच सापडते. त्यातही थराच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी उकळलं, तिथे ती श्रीमंत. तळाशी गेलात की दोऱ्याएवढी. आणि ही चांदी दागिन्यातल्यासारखी पांढरीशुभ्र नसते. काळी असते, काजळी धरल्यासारखी.

पूर्वीच्या लोकांनी डोंगरमाथ्यावरून ती काजळी ओरबाडून नेली. मग एका कंपनीने बोगदा घातला. बोगदा ओढ्यापाशी आला आणि शीर सुरीने कापल्यासारखी संपली. पुढे नुसती चिकणमाती. तिथे जमीन फाटून सरकली होती, ज्याला आम्ही फॉल्ट म्हणतो. ओढ्यापलीकडचा तुकडा खाली सरकला असेल, तर लाव्हाचा थर तिकडे खोलात जसाच्या तसा असणार आणि शीरही त्यात शाबूत. तो वर सरकला असेल, तर उन्हापावसाने त्याचा माथा कधीच झिजवला आणि त्यातली चांदी ओढ्याने वाहून नेली. वर की खाली, एवढाच प्रश्न होता.

त्या कंपनीने ओढ्यापलीकडे एकच भोक पाडलं आणि मग गाशा गुंडाळला. रिग, म्हणजे भोक पाडायचं यंत्र, जमिनीतून दगडाच्या लांब कांड्या काढते. त्यांना कोअर म्हणतात. त्या लाकडी पेट्यांत ओळीने मांडतात आणि तुकडा उलटा लागू नये म्हणून प्रत्येकावर मेणाच्या पेन्सिलीने बाण काढतात. कंपनी गेल्यावर एका वादळात शेडचं छप्पर बसलं आणि पेट्या आडव्या झाल्या. पेट्यांवरचे आकडे वाळवीने खाल्ले. मग दुसऱ्या कंपनीबरोबर बाबा आले, नुकतं लग्न झालेले, आणि त्यांच्या मागोमाग रिगवर काम करायला मामा. दोघांनी त्या ढिगातून तुकडा तुकडा उचलला, बाणाची टोकं एका दिशेला लावली आणि सगळं भोक पुन्हा मांडलं. टोक भोकाच्या तळाकडे. त्यांनी जिथे जिथे काम केलं होतं तिथे बाण असाच असायचा.

मांडून झालं तेव्हा वर राख होती आणि खाली लाव्हा, आणि लाव्हातच भोक संपलं होतं. राख आणि लाव्हा यांच्या सांध्याचा तुकडा तेवढा चुरा होऊन गेला होता. पण त्याची गरज कुणाला वाटली नाही. वरची राख, तिच्याखाली लाव्हाचा माथा सुरू होतोय, म्हणजे पलीकडचा भाग खाली सरकलाय, म्हणजे शीर आहे. बाबांनी मामाला मिठी मारली. आमच्या घरात लोक लग्नाच्या गोष्टी सांगतात तशी ही मिठीची गोष्ट सांगायचे. दुसऱ्या कंपनीनेही पलीकडे रिग नेण्याआधीच दार लावलं. बाबा मात्र तिथून हलले नाहीत. चांगल्या बदल्या आल्या, दूरच्या नोकऱ्या आल्या, आईचं माहेर लांब पडलं. ते जो भेटेल त्याला शिरेबद्दल सांगत राहिले. लोक त्यांना तोंडावर सर म्हणायचे आणि पाठीमागे चांदोबा.

शेवटी एका कंपनीने ऐकलं. डायरेक्टर माझ्यापेक्षा थोडा मोठा, सरळ माणूस. त्याने बाबांना तासभर बोलू दिलं आणि परवाना घेतला. साइटवर भूवैज्ञानिक म्हणून मला नेमलं, आणि मामा, गुडघे कुरकुरत असताना, रिगवर परत आला. बाबा मला लहानपणापासून गारगोटी म्हणतात. फोनवर म्हणाले, "गारगोटी, माती संपली की मला सांग. मग राख लागली की सांग. मग काही सांगू नकोस, मीच येतो."

माती संपली आणि खाली लाव्हा लागला.

मी फोन केला. बाबा म्हणाले, "वरचा एखादा फुटकळ थर असेल. असतात असे. तू राखेची वाट बघ." त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती. असे थर असतात. तरी मी ती कांडी दोनदा तपासली, आणि स्वतःवरच चिडले.

दुसऱ्या दिवशी पंपाचं पॅकिंग गेलं आणि काम थांबलं. रिकामं बसले की माझं डोकं फिरतं, म्हणून मी जुन्या शेडमध्ये साफसफाईला गेले. कोपऱ्यात गंजक्या पत्र्यांखाली दोन पेट्या सापडल्या. पहिल्या कंपनीच्याच, पण त्या पडल्या नव्हत्या की कुणी उघडल्या नव्हत्या. त्या लोकांनी कॅम्पच्या पाण्यासाठी एक उथळ भोक पाडलं होतं, त्याचं हे कोअर. चांदीशी त्याचा संबंध नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नसावं. मी धूळ पुसली. कांड्या एका टोकाला तांबूस, भुसभुशीत, भेगांत मुळांचे केस अडकलेले. दुसऱ्या टोकाला निळसर ताजा दगड. गंज आणि मुळं जमिनीच्या तोंडाशी असतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. ओढ्यापलीकडच्या भोकाचा असा गंजका भाग त्या कंपनीने पेट्यांत ठेवलाच नव्हता.

सगळे बाण गंजाकडे होते.

मी एकेक तुकडा उचलून बघितला. एखादा तरी उलटा निघेल म्हणून बघत होते. एकही निघाला नाही. त्या कंपनीत बाण भोकाच्या तोंडाकडे काढायची पद्धत होती, बस्स. पेटी उघडताना आपण कुठून आलो ते कळावं म्हणून असेल, देव जाणे. म्हणजे बाबांनी आणि मामाने एवढ्या जिवापाड मांडलेलं ते भोक सगळंच्या सगळं उलटं होतं. वर लाव्हा होता आणि खाली राख. तो लाव्हाचा माथा सुरू होत नव्हता, तळ संपत होता. पलीकडचा भाग वर सरकला होता, आणि शीर जिथे असायला हवी तिथे आता नुसती हवा होती. मी पेटीवर बसले आणि रडले. बाबांसाठी रडले की आईसाठी, ते मला सांगता येणार नाही.

मामाला शेडमध्ये बोलावलं. त्याने बाण बघितले, मुळं बघितली, टोपी काढून पुन्हा घातली.

"आपल्याकडे बाण खालीच असतो," तो म्हणाला.

"त्यांच्याकडे वर असायचा, मामा."

"हे कोण सांगणार? सांगायला एक माणूस तरी मागे राहिला होता का?" त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मी एकेक तुकडा भावोजींच्या हातात देत होतो. टोक बघ, टोक बघ, म्हणत होते. डोळ्यांत तेल घालून लावलेत गं आम्ही."

"माहीत आहे मला."

"मग आता तू गप्प बस. भोक जाईल खाली, काही मिळणार नाही, रिग निघून जाईल. नशीब म्हणतील. नशिबाला माणूस पचवतो. हे नाही पचायचं त्यांना."

पण माझी नोकरी गप्प बसायची नव्हती. मी डायरेक्टरला फोन करून सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "पाण्याच्या भोकाचे बाण म्हणजे काही त्या भोकाचे नाहीत. पंप दुरुस्त करा. राख लागली तर सांध्याचा तुकडा सरांना दाखवा. ते म्हणाले पुढे जा, तर आपण पुढे जाऊ. ते म्हणाले थांबा, तर थांबू. मी त्यांच्या शब्दावर आलोय." हा त्याचा मोठेपणाच होता. पण मला त्याचा इतका राग आला की विचारू नका. सगळा भार त्याने एका आंधळ्या माणसाच्या जिभेवर ठेवला होता.

पंप सुरू झाला आणि संध्याकाळच्या आत राख लागली.

मी पेटीपाशी उकिडवी बसले. सांध्याचा तुकडा अख्खा आला होता, हातभर लांब, अर्धा लाव्हा आणि अर्धी राख. जी गोष्ट जुन्या कोअरमध्ये चुरा झाली होती ती आता धुतल्यापुसल्यासारखी समोर होती. सांध्यालगतची राख काळसर, चकचकीत. मी जीभ लावली. घसरली. तीन पेट्या पुढे हीच राख परत जांभळी आणि कच्ची होती, तिला जीभ चिकटली. संशयाला जागा उरली नाही. ही खालची राख होती.

मी अजून फोन केला नव्हता, पण रिगवरच्या कुणीतरी बाबांना कळवून टाकलं की राख लागली. त्यांचा फोन आला तेव्हा मागे आईचा आवाज येत होता, स्वेटर घाला म्हणून. "गारगोटी," बाबा म्हणाले, "बघितलंस? मी म्हटलं होतं ना, राखेची वाट बघ. आता लाव्हाचा माथा येईल. मी सकाळी निघतो. तुझी आईपण येतेय. स्वतःहून म्हणाली येते." असा आवाज मी त्यांचा पहिल्यांदाच ऐकला. पोराच्या जन्माची बातमी सांगतात तसे बोलत होते.

सकाळी मामा माझ्या आधी कोअर शेडमध्ये होता. त्याने पुढच्या पेटीतला कच्च्या राखेचा एक लहान तुकडा काढून ठेवला होता. तो माझ्या हातात दिला.

"हा दे त्यांना. सांग, सांध्याचाच आहे. जीभ चिकटेल. दोन दिवस अजून रिग चालेल. चालू दे."

"आणि मग राख संपून तिच्या खालचा पाटीचा दगड लागेल, लाव्हा नाही, आणि डायरेक्टर विचारेल, सर, तुम्ही तर पुढे जा म्हणालात. तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा. दोन दिवस तरी मिळतील ना माणसाला."

मी तो तुकडा जॅकेटच्या खिशात टाकला. टाकला, म्हणजे द्यायचा असं ठरवलं नव्हतं आणि नाही द्यायचा असंही नाही.

जीप आली. आईने बाबांचा हात धरून त्यांना उतरवलं. तिने ठेवणीतली साडी नेसली होती आणि पायांत बूट घातले होते. लग्नानंतर ती शिरेच्या बाजूला कधी फिरकली नव्हती. ओढ्याकडे, रिगकडे, पेट्यांकडे बघत मला म्हणाली, "ही होय तुझी थोरली आई." सगळे हसले. बाबा तर पोट धरून हसले.

मी त्यांना पेटीपाशी स्टुलावर बसवलं. मामा रिगपाशी उभा होता, पण बघत इकडेच होता. दोन्ही तुकडे माझ्याजवळ होते, एक पेटीत आणि एक खिशात. मला आठवत होतं ते एवढंच की मला पहिला दगड चाखायला याच माणसाने दिला होता, आणि मी खोटंच "चिकटली, चिकटली" म्हटल्यावर तो म्हणाला होता, "परत लाव. घाई नाही." मी पेटीतला सांध्याचा तुकडा उचलला आणि जमिनीत होता तसा, लाव्हा वर आणि राख खाली, त्यांच्या हातात दिला.

त्यांचा अंगठा तुकड्यावरून फिरला. राख खाली आहे हे कळताच ते हसले. "उलटा दिलास, वेडे," ते म्हणाले, आणि तुकडा फिरवून राखेची बाजू वर केली. "हं. असा."

"नाही, बाबा." मी म्हटलं. "तसा नाही. मी दिला तसाच निघालाय. लाव्हा वर आहे."

त्यांनी तुकडा पुन्हा लाव्हा वर करून धरला आणि नखाने सांध्याजवळ ओरखडलं. नख घसरलं. मग त्यांनी तुकडा तोंडाशी नेला आणि राखेला जीभ लावली. आई सवयीने म्हणाली, "झालं सुरू." बाबांनी जीभ काढली, जरा बाजूला लावली. पुन्हा काढली. त्यांच्या ओठाला ओला धुरळा लागला होता. ते ती चव ओळखत होते, तिच्यात चूक व्हायची नाही. मी तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघूही शकत नव्हते, हातांकडे बघत होते.

"भाजलीय," ते म्हणाले.

"हो."

"खालची आहे ही."

"हो, बाबा."

"मग जुनं भोक?"

मी बाणांचं सांगितलं. मुळांचं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, वर्गात एखाद्या पोराने बरोबर उत्तर दिलं की हलवायचे तशी. मग त्यांनी विचारलं, "आणि वर? लाव्हा किती उरलाय?"

"दुमजली घराएवढा. तळाचाच. त्यात दोरासुद्धा नाही. वर माती, आणि त्यावर काही नाही."

"ओढ्याने नेली," बाबा म्हणाले. "म्हणजे मी इथे आलो त्याच्या कितीतरी आधी गेली होती ती." मग थोडं मोठ्याने, रिगच्या दिशेने, "बंद कर रे. काही दोष नाही तुझा. बंद कर."

मामाने इंजिन बंद केलं. एवढे दिवस कानात बसलेला आवाज गेला आणि ओढ्याचं पाणी ऐकू येऊ लागलं. मामा तिथेच पाइपांच्या थप्पीवर पाठ फिरवून बसला.

मला वाटलं होतं आई आता काहीतरी बोलेल. सुटले बाई, असं. आयुष्यभर तिने त्या शिरेला बोटं मोडली होती, तिचा हक्कच होता तो. ती बाबांसमोर चिखलात, ठेवणीतल्या साडीनिशी बसली. पदराने त्यांच्या ओठांवरची राख पुसली. मग त्यांच्या हातातला तुकडा घेतला, फिरवला आणि राख वर करून परत त्यांच्या हातात ठेवला.

"अहो, परत एकदा बघा," ती म्हणाली. "घाईत बघितलंत तुम्ही. या बाजूने बघा."

बाबांनी बघितलं. तिच्यासाठी बघितलं. जीभ लावली, काढली आणि नाही म्हणून मान हलवली.

आई माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र घरातल्यासारखा, रागावलेला होता. "तू काय उभी राहिलीस? एवढ्या पेट्या आहेत. दुसरा एखादा दे ना त्यांना."

माझा हात खिशात होता. कच्च्या राखेचा तुकडा अंगाच्या उबेने गरम झाला होता.

"नाही, आई," मी म्हटलं. "दुसरा नाही."